डावं कुणाचं? अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या महिन्यात चाचपडणाऱ्यांसाठी

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षी मी एका पेशंटच्या डाव्या मांडीची नोंद उजवी मांडी म्हणून केली. आज मी स्वतः मुलींना वॉर्डात काम दाखवते, तरी ती ओळ आठवली की पोटात कालवतं.

आंब्याचे दिवस होते. झाडावरून पडलेला गडी, मांडीच्या मागे फांदी घुसून खोल जखम झालेली. ड्रेसिंगसाठी त्याला पालथा झोपवला होता. सिस्टरांनी ड्रेसिंग केलं, मी पायथ्याशी ट्रे धरून उभी होते. नोंद लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी लिहिलं, उजवी. ड्यूटी बदलताना इन्चार्ज सिस्टरांनी वही वाचली, चादर उचलून बघितली आणि मला हाक मारली. ओरडल्या नाहीत. "हे उजवं कुणाचं, तुझं की त्याचं?" एवढंच विचारलं.

पट्टी डोळ्यांना दिसत होती म्हणून त्या दिवशी निभावलं. मूत्रपिंड असतं तर बाहेरून काय दिसणार होतं? ऑपरेशनआधी जागेवर खूण केली आहे का, हे विचारायला जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टमध्ये वेगळी ओळ आहे. मुरलेल्या माणसांच्या हातूनही बाजू चुकते, म्हणून ती आहे. तेव्हा हे पहिल्या सेमिस्टरचं पाठांतर आहे, पुढे आपोआप जमेल, असं समजू नका. आपोआप जमत नाही.

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण हेच मला मुख्य सांगायचं आहे. मला डावं-उजवं कळत नव्हतं अशातला भाग नाही. मला एक युक्ती शिकवली होती आणि मी ती इमानाने वापरली. हॉस्टेलवर सीनिअर मुली सांगायच्या, पेशंटचं नेहमी आपल्या उलट, तुझं डावं ते त्याचं उजवं, डोळे झाकून उलटं लिही. पुस्तकातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे चित्रांवर ही युक्ती बरोबर चालते. चाचणीत मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. वॉर्डात माणूस पालथा झोपतो, कुशीवर वळतो, छाती तपासून घ्यायला पाठ करून बसतो, आणि युक्ती कोसळते.

नीट बघा. पेशंट उताणा आणि तुम्ही पायथ्याशी, तर बाजू उलट. पेशंट उताणा आणि तुम्ही उशाशी, तर सुलट, त्याचं डावं तुमच्या डाव्या हाताला. पालथा आणि तुम्ही पायथ्याशी, तर पुन्हा सुलट. माझी चूक झाली ती हीच जागा. पालथा आणि तुम्ही उशाशी, तर उलट. म्हणजे चारपैकी दोनदा युक्ती खरी आणि दोनदा खोटी. हे चार प्रकार आता पाठ करायला घेऊ नका, मी ते युक्ती मोडण्यासाठी सांगितले. शॉर्टकट चुकीचा असतो तेव्हा लगेच कळतं. अर्धवट बरोबर असतो तेव्हा महिनोन्‌महिने कळत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

माझी सुटका वडिलांच्या होडीने केली. सुट्टीत घरी गेले तेव्हा होडी किनाऱ्याला ओढलेली होती, नाळ, म्हणजे पुढचं टोक, जमिनीकडे. बाबा म्हणाले, उजव्या बाजूची फळी बघ जरा. मी समोरून आले आणि माझ्या उजव्या हाताची फळी चाचपू लागले. बाबांनी मला खांद्याला धरून होडीत चढवलं, नाळेकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, "आता हात वर कर." होडी जमिनीकडे तोंड करून असो की दर्याकडे, तिची उजवी बाजू ती उजवीच. तुम्ही जेटीवर आहात की कमरेएवढ्या पाण्यात, याच्याशी होडीला देणंघेणं नाही. काळोखात जाळं ओढताना माझी उजवी की तुझी उजवी असं कुणी विचारत बसलं, तर जाळंही जाईल आणि माणूसही.

शरीराचं तसंच आहे. अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणजे ती होडीत चढायची जागा: सरळ उभं, नजर समोर, हात बाजूला, तळहात पुढे, पावलं जुळलेली. पेशंट खाटेवर कसाही पडलेला असो, सगळे शब्द त्या उभ्या माणसाच्या हिशोबाने वापरायचे. म्हणून सुपिरिअर म्हणजे छताकडे नव्हे, डोक्याकडे. उताण्या पेशंटची छताकडची बाजू अँटिरिअर, म्हणजे पुढची. हे वाचायला सोपं वाटतं, पण आडव्या माणसाकडे बघताना वर म्हटलं की बोट आपोआप छताकडे जातं. बोटाला सवय लावायला आठवडे लागतात.

तळहात पुढे का, हा प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा. हात नुसते सोडून उभे राहिलात तर तळहात मांडीकडे वळतात, आणि टेबलावर पालथे ठेवलेत तर अंगठे आत येतात. मग निम्मा वर्ग अंगठा मीडियल, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडचा, असं लिहितो. तळहात पुढे करा, अंगठा बाहेर जातो. अंगठ्याच्या बाजूचं हाड रेडियस, म्हणून ते लॅटरल, मधल्या रेषेपासून लांबचं. करंगळीच्या बाजूची अल्ना मीडियल. तळहात मागे वळवला की ही दोन हाडं एकमेकांवरून आडवी जातात आणि आत-बाहेर बोलण्याला काही अर्थ उरत नाही. दुसऱ्या हाताने कोपर ते मनगट धरून तळहात फिरवून बघा, बोटांखाली रेडियस सरकताना कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की लॅटिन-ग्रीक शब्दांत आपण मागे पडणार. नाही पडणार. उलट आपल्या बोलीत शरीराचे इतके नेमके शब्द आहेत की अर्धं काम झालेलंच असतं. काख म्हणजे अ‍ॅक्सिला, जांघ म्हणजे ग्रॉइन, गुडघ्यामागची लवण म्हणजे पॉप्लिटियल फोसा, पोटरी म्हणजे काफ, नडगी म्हणजे शिन, तळवा म्हणजे प्लांटर बाजू. घरात आजी हे सगळे शब्द वापरते. गोंधळ घालतात ते दोनच शब्द, हात आणि पाय. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत, आपला पाय खुब्यापासून अंगठ्यापर्यंत. अ‍ॅनाटॉमीत आर्म म्हणजे फक्त दंड आणि लेग म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. मांडी लेगमध्ये येत नाही, पाऊलही येत नाही. फोरआर्मला सरळ कोपर ते मनगट म्हणा.

याने काय बिघडतं? भातलावणीच्या दिवसांत तापाने फणफणलेली आजी ओपीडीत येते. "बाय गो, पाय दुखतत." वहीत पाय दुखतो एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला गुडघा वाटेल, टाच वाटेल, वयच झालंय असंही वाटेल. "आजी, हात लावून दाखवा" म्हटलं आणि तिने दोन्ही पोटऱ्या धरल्या, तर चिखलात काम, ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं हे तिन्ही एकत्र वाचून डॉक्टरांच्या मनात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, येतो आणि रक्त तपासायला जातं. एका नेमक्या शब्दाने एवढा फरक पडतो.

प्रॉक्सिमल-डिस्टल फांदीवर शिका. खोडाकडचं ते प्रॉक्सिमल, शेंड्याकडचं डिस्टल. हे शब्द मुख्यतः हातापायांसाठी. फुरसं चावलेला पेशंट आला की पावलावरची सूज किती चढली हे पेनाने रेघ मारून, शेजारी वेळ लिहून ठेवतात. तासाने सूज रेघेच्या प्रॉक्सिमल गेली की तशीच राहिली, हे पुढच्या ड्यूटीला कळायला हवं. तिथे सूज पुढे गेली असं लिहिलंत, तर पुढे म्हणजे बोटांकडे की गुडघ्याकडे?

डॉर्सल शब्दाकडे थोडं जास्त लक्ष द्या. डॉर्सल म्हणजे पाठीकडचं हे ठीक, पण पावलाचा डॉर्सम म्हणजे पावलाची वरची बाजू, जिथे डॉर्सॅलिस पेडिसची नाडी लागते. मला हे बाजारात उलगडलं. पापलेट ताटात चपटं दिसतं, पण ते कुशीवर पडलेलं असतं. त्याची पाठ एका कडेला, पोट दुसऱ्या कडेला. पाकट मासा मात्र खरोखरच पाठीकडून पोटाकडे दबलेला, वर पाठ, खाली पोट, तोंडही खालच्या अंगाला. दोन्ही चपटे, पण चपटेपणाची दिशा वेगळी. कुठली बाजू वर दिसते याच्यावरून पाठ ठरत नाही.

प्लेन्स, म्हणजे शरीराच्या कापांच्या दिशा, त्याही तिथेच शिकून घ्या. सुरमईच्या तुकड्या म्हणजे ट्रान्सव्हर्स काप, प्रत्येक तुकडीत मधला मणका गोल दिसतो. तोच मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध चिरून डावी-उजवी फाक वेगळी केली तर मिडसॅजिटल. पाठ एकीकडे आणि पोट एकीकडे असा काप कोरोनल. लॅटिनमध्ये सॅजिटा म्हणजे बाण आणि कोरोना म्हणजे मुकुट, एवढं पुरे. फक्त एक लक्षात घ्या, कोयती वरून खाली येते तरी तुकडी ट्रान्सव्हर्सच, कारण मासा आडवा आहे. उभ्या माणसात तोच काप जमिनीला समांतर जातो. प्लेन शरीराचं, खोलीचं नव्हे.

पोटाचे नऊ भाग चित्रावरून पाठ करू नका. हॉस्टेलवर दार लावा, आरशाशिवाय, स्वतःच्या पोटावर पेनाने दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारा. वरच्या ओळीत उजव्या हाताकडे राइट हायपोकाँड्रियम, यकृताचा मोठा भाग तिथे. मध्ये एपिगॅस्ट्रियम, डावीकडे लेफ्ट हायपोकाँड्रियम, प्लीहेची जागा. मधल्या ओळीत दोन लंबर आणि बेंबीभोवती अंबिलिकल, खाली दोन इलियाक आणि हायपोगॅस्ट्रियम. काँड्रॉस म्हणजे कूर्चा, हायपो म्हणजे खाली, म्हणून फासळ्यांच्या कूर्चेखालचा तो हायपोकाँड्रियम. मग उजवीकडच्या कमरेच्या हाडाचं पुढचं टोक चाचपा, तिथून बेंबीकडे एक तृतीयांश या. मॅकबर्नी यांनी १८८९ साली सांगितलेला अपेंडिक्सचा बिंदू तुमच्याच बोटाखाली असेल.

शिकायचं कुणाकडून, याबद्दल माझं मत ठाम आहे. टॉपर मुलीच्या नोट्सपेक्षा वॉर्डातली वीस वर्षं काढलेली सिस्टर जास्त शिकवते, आणि एका रात्रीत अ‍ॅनाटॉमी शिकवणारे व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरतेच कामाचे. पण वॉर्डातलंही सगळं उचलू नका. मावशी खिडकीकडचा पाय म्हणतात, बोलण्यापुरतं ते चालतं. वहीत नाही. रात्री खाट हलवली की खिडकी बदलते. एक्स-रेवर बाजूची खूण असते, ती बघितल्याशिवाय तोंड उघडू नका. सीटीचे आडवे काप पायाकडून बघितल्यासारखे मांडतात, म्हणून पेशंटचं उजवं फिल्मच्या डाव्या अंगाला.

एक महिना सगळं गढूळ वाटेल. वाटू दे. मी रोज रात्री खाटेवर पालथी पडायचे आणि मैत्रीण पायथ्याशी उभी राहून माझ्या अंगाला पेन लावून विचारायची. तिसऱ्या आठवड्यात उत्तर विचार न करता येऊ लागलं. तुमचंही येईल, फक्त अंगाने शिका. नोंद लिहिताना पेशंटचा उजवा हात आधी धरा, मग लिहा, आणि शब्द पूर्ण लिहा, नुसतं एक अक्षर नको.

इंटर्नलच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी मला मांडीचं हाड दिलं आणि बाजू विचारली. ते टेबलावर ठेवून बघत बसू नका. उठून उभे राहा आणि स्वतःच्या मांडीला लावा. गोल डोकं वर आणि आत, लिनिया अस्पेराची खरखरीत रेघ मागे. ज्या मांडीला हे दोन्ही एकदम जुळतं, त्या बाजूचं हाड. मी आधी उजव्या मांडीला लावलं, रेघ मागे घेतली तर डोकं बाहेर गेलं. मग डाव्या मांडीला लावलं, आणि ते बसलं.