छोट्या बजेटमध्ये इंडी गेमचं मार्केटिंग कसं करावं

जाहिरात विकत घेणं सोपं असतं, कारण ते काम एका दुपारी उरकतं. पण आधी गणित मांडून बघा. तुमच्या इंडी गेमची, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच केलेल्या गेमची, किंमत १० डॉलर धरा. त्यातले ३० टक्के स्टीम या कम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाचे, म्हणजे हातात ७ डॉलर. कर आणि परतावे वजा केले की त्याहून कमी. गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या ‘पुढे घ्यायच्या’ यादीत, टाकणाऱ्या दहांपैकी एकाने तो सुरुवातीच्या दिवसांत विकत घेतला असं समजलं, तर एका विशलिस्टमागे ७० सेंटसुद्धा पदरात पडत नाहीत. जाहिरातीतून तीच विशलिस्ट १ डॉलरला पडत असेल, तर जाहिरात वाढवाल तसा तोटा वाढेल. ज्यांच्याकडे पैसा कमी आहे त्यांनी वेळ वापरायचा: स्टोअर पेज लवकर उघडायचं आणि त्यानंतर जे काही कराल, त्यातून माणूस त्या पेजवरच्या विशलिस्टच्या बटणापर्यंत पोचला पाहिजे. गेम बाजारात आला की विशलिस्ट केलेल्यांना स्टीम स्वतः ईमेल पाठवतं. तेवढा मोठा फुकट प्रचार दुसरीकडे मिळत नाही.

खेळाडू ठरवा, मगच लिहायला बसा

तुमच्या गेमसारखे दहा गेम शोधा. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले, लहान टीमने केलेले. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: किंमत, टॅग (गेमचा प्रकार सांगणारे शब्द), रिव्ह्यूंची संख्या आणि तो गेम कोणत्या यूट्यूबर आणि स्ट्रीमरनी (गेम थेट खेळून दाखवणाऱ्यांनी) खेळला. हा तक्ता शेवटपर्यंत उपयोगी पडतो. टॅग आणि किंमत यातूनच ठरते आणि ‘की’ (गेम फुकट सुरू करून देणारे कोड) कोणाला पाठवायच्या त्याची यादीही यातूनच तयार होते. वाईट रिव्ह्यू तर आवर्जून वाचा; या प्रकारच्या गेममध्ये लोकांना काय खटकतं ते तिथे सरळ शब्दांत लिहिलेलं असतं. असे दहा गेम सापडलेच नाहीत तर मैदान मोकळं आहे असं समजू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा असतो की अशा गेमला गिऱ्हाईक कमी आहे.

त्यानंतर गेमचं वर्णन एका वाक्यात करा. त्या वाक्यात खेळाडू प्रत्यक्ष काय करतो ते क्रियापद हवं. ‘एकटेपणाचा भावस्पर्शी प्रवास’ यातून काहीच कळत नाही. ‘वादळात बंद पडलेलं दीपगृह दुरुस्त करा आणि रात्र संपेपर्यंत जहाजांना वाट दाखवा’ यातून खेळ डोळ्यांसमोर येतो.

स्टोअर पेज: सर्वात जास्त कष्ट इथे

स्टीमची नोंदणी फी एका गेमला १०० डॉलर आहे. गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की ती परत मिळते. फी भरल्यापासून ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही आणि ‘लवकरच येत आहे’ असं पेज निदान दोन आठवडे उघडं असावं लागतं. पेज तपासणीला काही कामाचे दिवस जातात, ते वेगळे. हे झाले किमान नियम. त्यांच्या भरवशावर राहून लाँचच्या पंधरा दिवस आधी पेज उघडणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे, कारण विशलिस्ट जमायला महिने लागतात. गेमचे तीन-चार वेगवेगळे भाग दाखवण्याजोगे झाले की पेज उघडा. लाँचला तेव्हा सहा महिने ते वर्ष शिल्लक असावं.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते कॅप्सूलवर करा. कॅप्सूल म्हणजे स्टोअरमध्ये जागोजागी दिसणारं गेमचं आयताकृती चित्र. लोक थांबतात किंवा पुढे सरकतात ते याच चित्रावरून. गेममधलाच एखादा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर नाव टाकलेली कॅप्सूल लगेच ओळखू येते आणि गेमही तसाच घाईत केला असेल असं वाटतं. चांगल्या चित्रकाराला काम द्या आणि तुमच्या तक्त्यातल्या दहा गेमच्या कॅप्सूल नमुना म्हणून दाखवा. चित्र बघताक्षणी गेमचा प्रकार कळायला हवा: भीतीचा, शेतीचा, पत्त्यांचा की डावपेचांचा. लहान कॅप्सूल ४६२×१७४ पिक्सेलची द्यावी लागते, पण शोधाच्या यादीत ती जेमतेम १२० पिक्सेल रुंद दिसते. तेवढी लहान करून बघा. नाव वाचता येत नसेल तर अक्षरं जाड करा आणि चित्रातली गर्दी कमी करा. स्टोअरच्या कॅप्सूलवर गेमचं नाव सोडून पुरस्कार, रिव्ह्यूतली वाक्यं किंवा सवलतीचा मजकूर चालत नाही. स्टीमचा हा नियम २०२२पासून आहे.

स्क्रीनशॉट किमान पाच लागतात, १९२०×१०८० मापाचे. ते खऱ्या खेळाचे असावेत आणि पडद्यावरची बटणं, आकडे, नकाशा झाकून ठेवू नयेत. खेळाडू त्यावरूनच ओळखतो की आपण इथे काय करणार आहोत. पाचही चित्रांत एकच जंगल दिसत असेल तर गेममध्ये तेवढंच आहे असा समज होतो. थोडक्यातल्या वर्णनाला ३०० अक्षरांची मर्यादा आहे. तुमचं ते एक वाक्य इथे अगदी सुरुवातीला टाका. कथेची पार्श्वभूमी खालच्या लांब वर्णनात जाऊ दे.

टॅग २० लावता येतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. पहिले पाच टॅग नेमके असू द्या. ‘इंडी’, ‘अ‍ॅक्शन’, ‘साहस’ असे सगळ्यांनाच लागू पडणारे टॅग वर ठेवले तर स्टीम तुमचा गेम भलत्याच गेमच्या शेजारी दाखवतं. बजेट उरलं तर पेजचा अनुवाद करून घ्या. मजकूर थोडा असल्याने खर्चही थोडा येतो. मात्र गेम कोणत्या भाषांत आहे ते पेजवर अचूक नोंदवा. पेज आपल्या भाषेत वाचून गेम घेतला आणि आत ती भाषाच नाही, असं झालं की वाईट रिव्ह्यू ठरलेला.

ट्रेलर

रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ आणि संपादनाला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. लांबी ६० ते ९० सेकंद ठेवा. पहिल्या पाच सेकंदांत खेळ दिसलाच पाहिजे; स्टुडिओचा लोगो आणि काळ्या पडद्यावरची वाक्यं यांत प्रेक्षक निघून जातो. आवाज बंद ठेवून ट्रेलर बघा आणि गेम कळतोय का ते तपासा, कारण बरेच जण तो तसाच बघतात. शेवटी गेमचं नाव आणि विशलिस्टचं आवाहन, बस.

छोटे व्हिडिओ आणि योग्य जागा

आठवड्याला दोन तास यासाठी बाजूला ठेवा, त्याहून जास्त नको. ६ ते १५ सेकंदांची क्लिप घ्या, तिच्यात एकच घटना असू द्या: पूल कोसळतो, शत्रू सापळ्यात अडकतो, शेत एका क्षणात फुलतं. उभ्या व्हिडिओसाठी १०८०×१९२० माप घ्या आणि महत्त्वाची हालचाल मध्यभागी ठेवा, कारण वर-खाली अ‍ॅपची बटणं येतात.

इथे सर्रास होणारी गफलत म्हणजे सगळा प्रचार गेम बनवणाऱ्यांच्या गटांत करत बसणं. ते कौतुक करतात, सल्ला देतात, पण विकत घेणारे बहुतेक दुसरीकडे असतात. बुद्धिबळासारखा गेम असेल तर बुद्धिबळ खेळणाऱ्यांत जा, आगगाड्यांचा असेल तर आगगाड्यांच्या वेड्यांत. प्रत्येक गटाचे स्वतःच्या प्रचाराबद्दलचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी पहिल्याच जाहिरातवजा पोस्टला बंदी घालतात.

प्रत्येक जागेसाठी स्टोअर पेजच्या लिंकला वेगळी यूटीएम खूण (भेट कुठून आली ते सांगणारा, लिंकच्या शेवटी लावायचा मजकूर) जोडा. कोणत्या लिंकवरून किती भेटी आणि किती विशलिस्ट आल्या ते स्टीमच्या अहवालात दिसतं. सहा आठवड्यांनी आकडे बघा आणि जिथून काहीच येत नाही ती जागा सोडून द्या. लाइक खूप आणि विशलिस्ट शून्य, असं झालं तर दोष व्हिडिओत किंवा पेजमध्ये असतो: व्हिडिओतून हा एक गेम आहे हेच कळत नसेल, नाहीतर पेजवर गेल्यावर निराशा होत असेल.

डेमो आणि नेक्स्ट फेस्ट

छोट्या टीमसाठी डेमोइतकं जोरदार साधन दुसरं नाही. २० ते ४० मिनिटांचा, नीट घासूनपुसून केलेला भाग द्या. तो अशा ठिकाणी संपवा की पुढे काय होणार याची उत्सुकता राहील, आणि शेवटच्या पडद्यावर विशलिस्टचं बटण ठेवा. खेळाडू मधेच सोडून गेला तर शेवटचा पडदा दिसणारच नाही, म्हणून तेच बटण मुख्य मेनूतही हवं.

स्टीम नेक्स्ट फेस्ट हा येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा महोत्सव वर्षातून तीनदा होतो: फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये. एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो आणि तोही प्रकाशित होण्यापूर्वी. त्यामुळे लाँचच्या आधी येणारा शेवटचा महोत्सव निवडा. डेमो मात्र त्याच्या काही आठवडे आधीच बाहेर काढा. पहिल्या दिवसांत क्रॅश, चुकीची बटणं, न कळणारं शिकवणीचं दृश्य हे सगळं वर येतं. ते महोत्सवात वर आलं तर दुरुस्तीला वेळ नसतो. विशलिस्ट आधीपासून बऱ्यापैकी असलेल्या गेमला महोत्सवात जास्त फायदा होतो. तिथे शून्यापासून सुरुवात करू नका.

डेमो लोक किती वेळ खेळले हे बघताना सरासरीवर जाऊ नका, मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) बघा. चार जणांनी दहा-दहा तास खेळलं तरी सरासरी फुगते. मध्यक पाच मिनिटांवर अडकला असेल तर प्रचार थांबवा आणि सुरुवातीची पाच मिनिटं दुरुस्त करा. पूर्ण गेमलाही हेच लागू आहे, कारण खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीमवर पैसे परत मागता येतात.

स्ट्रीमर आणि पत्रकार

आधी प्रेस किट बनवा: वर्णन, तारीख, किंमत, दहा स्क्रीनशॉट, पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो, ट्रेलर आणि संपर्काचा ईमेल, सगळं एका पेजवर. रामी इस्माईल यांचं ‘प्रेसकिट’ हे साधन यासाठी मोफत मिळतं.

मग तक्त्यातून शंभर-दीडशे नावांची यादी करा. लाखो प्रेक्षक असलेल्यांपेक्षा काही हजार प्रेक्षकांचे, पण नेमके तुमच्याच प्रकारचे गेम खेळणारे स्ट्रीमर जास्त उत्तर देतात. ईमेल लाँचच्या दोन-तीन आठवडे आधी पाठवा. पहिल्या ओळीत त्यांनी खेळलेल्या कोणत्या गेमशी तुमचा गेम जुळतो ते, मग तुमचं एक वाक्य, एक छोटं जिफ (हलतं चित्र), तारीख आणि की. पाच-सहा ओळींत संपवा. की मागून घ्यायला लावू नका, ईमेलमध्येच द्या.

उलट बाजूने येणाऱ्या ईमेलपासून सावध राहा. ‘मी अमुक चॅनलचा, तीन की पाठवा’ असे ईमेल ढिगाने येतात. त्यातले बरेचसे की विकणाऱ्यांचे असतात आणि पत्ता खऱ्या पत्त्याहून एका अक्षराने वेगळा असतो. चॅनलच्या स्वतःच्या माहितीत दिलेल्या पत्त्यावर उलट ईमेल करून खात्री करा. क्युरेटरना, म्हणजे स्टीमवर गेमची शिफारस करणाऱ्यांना, की ईमेलने देऊच नका. स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधून पाठवा, तिथून पुढे विकता येत नाही. गेममधल्या संगीताचे हक्कही तपासून ठेवा. व्हिडिओवर हक्काचा दावा आला की तो स्ट्रीमर तुमच्या गेमकडे परत फिरकत नाही.

लाँच आणि पुढचा महिना

तारीख मंगळवार ते गुरुवारमधली घ्या. शुक्रवारी गेम आला आणि बिघडला तर शनिवार-रविवार दुरुस्तीत जातो, आणि वाईट रिव्ह्यू तोवर जमलेले असतात. स्टीमचा मोठा हंगामी सेल किंवा नेक्स्ट फेस्ट चालू असलेला आठवडा टाळा. १० ते १५ टक्क्यांची लाँच सवलत ठेवा.

पहिलं लक्ष्य दहा रिव्ह्यू. तेवढे झाले की पेजवर ‘पॉझिटिव्ह’, ‘मिक्स्ड’ असा शेरा दिसू लागतो, आणि नवखा खेळाडू आधी तोच बघतो. फुकट कीवरून आलेले रिव्ह्यू या गुणांकनात धरले जात नाहीत, म्हणून जवळच्यांना की वाटून काही साधत नाही. आधीपासून सोबत असलेल्या खेळाडूंना, गेम विकत घेतला असेल तर प्रामाणिक रिव्ह्यू लिहा, एवढंच सांगा. पहिल्या आठवड्यात नवं काही बनवू नका. क्रॅश दुरुस्त करा, चर्चेतल्या प्रश्नांना उत्तरं द्या.

लाँच सवलत संपल्यावर पुढची सवलत देण्यापूर्वी ३० दिवस थांबावं लागतं. तो महिना एका ठोस अपडेटसाठी वापरा. पुढची सवलत किमान २० टक्के ठेवा, कारण त्याहून कमी सवलतीचा ईमेल स्टीम विशलिस्टवाल्यांना पाठवत नाही.