शर्यतीच्या आदल्या रात्री टायर तपासा

सायकल शर्यतीच्या सकाळी बरेच जण दणादण ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरतात. टायर दगडासारखा टणक झाला की सायकल पळते, हा समज जुना आहे आणि आपल्या खडबडीत रस्त्यांवर तर साफ चुकीचा. टणक टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि ती उडी तुमच्याच पायांतून वसूल होते. वजन सत्तर किलोच्या आसपास आणि टायर २८ मिमीचा असेल, तर मागे ७५, पुढे ७० पीएसआयपासून सुरुवात करा. पाऊस असेल तर पाचेक कमी. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवून धरणारी आतली कड नसलेली, असेल तर मात्र ७२च्या वर जाऊच नका. रिमवर त्याहून कमी आकडा छापलेला असेल, तर तोच पाळा.

आदल्या रात्री चाक उजेडात हळूहळू फिरवा. रबरात रुतलेली काचेची कपची सुईने उकरून काढा. हायवेवर खरा त्रास देतात त्या ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पंक्चर झालं की टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागे अडकतील तिथे तार आहे. हे न करता नवी ट्यूब घातलीत तर तीही फुसकन जाते.

आणि जादा ट्यूबचा व्हॉल्व्ह मोजून घ्या. मी एकदा ट्यूब घेऊन गेलो होतो, पण व्हॉल्व्ह आखूड. ५० मिमी खोल रिममधून बाहेरच येईना. पुढचा प्रवास टेम्पोतून.