प्रकल्पाला पैसा कुठून आणायचा: कॉलेजच्या ऑफिसातून एक टिपण

किनवट-माहूरकडच्या एका अनुदानित कॉलेजात मी हिशेबाचं टेबल सांभाळतो. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. प्राध्यापक मंडळींना माझी आठवण दोन वेळा होते: पगारबिल अडकलं की, आणि प्रकल्पाची शेवटची तारीख उद्यावर आली की. मग हातात प्रस्तावाचा गठ्ठा आणि तोंडात एकच वाक्य, "भाऊसाहेब, बजेटचं पान तेवढं भरून द्या."

बजेटचं पान सगळ्यात शेवटी भरणाऱ्याला पैसा मिळणं कठीण, हे माझं स्पष्ट मत आहे. योजना शोधत बसण्याआधी दोन गोष्टी बघा. पैसा नेमका कोणाच्या खात्यात येऊ शकतो, आणि याआधी तो कोणाला मिळालाय.

आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमचंच उदाहरण घेतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास जुना आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्या वर गेलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसायला लागतात. मॅडमना गावोगावचं पाणी तपासायचं होतं आणि जमलं तर उपायही करायचा होता. त्यांनी विचारलं, "या कामाला कोण पैसे देतं?" मी म्हटलं, "मॅडम, आधी काम कोणतं ते ठरवा. या एकाच पाण्यात चार प्रस्ताव आहेत."

फ्लोराइड कुठल्या खडकातून येतं, पावसाळ्याआधी आणि नंतर किती बदलतं, हा शास्त्राचा प्रश्न झाला. त्याचं दार म्हणजे केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ. पूर्वीचं एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यातच विलीन झालं. कायदा २०२३ चा, काम सुरू झालं २०२४ मध्ये, त्यामुळे जुन्या एसईआरबीच्या फायली बघून अर्ज करू नका, योजनांची नावं आणि अटी बदलल्यात. नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी त्यांची वेगळी अर्ली करिअर योजना आहे. पंचवीस वर्षं शोधनिबंध लिहिणाऱ्यांशी स्पर्धा करण्यापेक्षा तरुण प्राध्यापकांनी आधी तिकडे बघावं.

तेच पाणी शुद्ध करायचं स्वस्त साधन आदिवासी पाड्यावर चालवून दाखवायचं असेल, तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा सीड विभाग बघा. अनुसूचित जाती-जमाती, महिला, ग्रामीण तंत्रज्ञान यांच्यासाठी त्यांच्या योजना असतात. राज्य पातळीवर मुंबईचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. महाराष्ट्राच्या एखाद्या प्रश्नावर विज्ञान वापरायचं असेल तर तिथे आपलं म्हणणं समजायला सोपं जातं.

लांबून पाणी आणणाऱ्या बायकांचे किती तास जातात, 'पिऊ नका' म्हणून हातपंपावर लाल रंग मारला तरी लोक तेच पाणी का पितात, हे विचारायचं असेल तर तो समाजशास्त्राचा विषय. त्याला आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. त्याचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे आणि इमारतीला जे. पी. नाईकांचं नाव आहे. नाईक मूळचे कोल्हापूरकडचे, आणि आयसीएसएसआरचे पहिले सदस्य सचिव. ही संस्था १९६९ सालची. आपल्याकडच्या कला शाखेच्या लोकांना तिचा पत्ता माहीत नसतो याचं मला कायम नवल वाटतं.

चौथं दार कंपन्यांचं, म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी कायद्याने करायचा सामाजिक खर्च. त्याबद्दल सविस्तर सांगावं लागेल, ते पुढे घेतो.

मॅडमना पहिल्यांदा चारही गोष्टी एकाच प्रस्तावात घालायच्या होत्या. असा प्रस्ताव चारही दारांवरून परत येतो. शास्त्रवाल्यांना त्यात समाजसेवा दिसते, कंपनीवाल्यांना त्यात शोधनिबंध दिसतो.

आता यादीची गोष्ट. मुलीला स्थळ बघताना आपण पत्रिकेवर विसंबत नाही, त्या घरात आधी कोणाच्या मुली दिल्या ते विचारतो. तसंच इथे जाहिरातीपेक्षा मंजूर प्रकल्पांची यादी जास्त बोलते. आयसीएसएसआर निवड झालेल्यांच्या याद्या संकेतस्थळावर टाकतं. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग बाहेरच्या संस्थांना दिलेल्या संशोधन प्रकल्पांची सूची काढत आलाय. त्यात विषय, संस्था, रक्कम सगळं असतं. आपल्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजाला गेल्या काही वर्षांत काही मिळालंय का, किती मिळालंय, शीर्षक कसं होतं, हे एक दुपार बसून वाचा. ज्या यादीत सगळ्या आयआयटी आणि राष्ट्रीय प्रयोगशाळाच दिसतात, तिथे एकट्याने जाऊ नका. विद्यापीठाच्या विभागातल्या कोणाला तरी मुख्य संशोधक करा आणि आपण सहसंशोधक व्हा. यात कमीपणा काही नाही, उपकरण त्यांच्याकडे आणि गावं आपल्याकडे.

यूजीसीचे मायनर प्रकल्प पूर्वी आमच्या कॉलेजात ढिगाने यायचे, ते दिवस गेले. आता लहान रकमेसाठी आपल्याच विद्यापीठाच्या योजना बघा. मुंबई विद्यापीठ संलग्न कॉलेजांतल्या शिक्षकांना मायनर रिसर्च ग्रँट देत आलंय, इतर विद्यापीठांतही असं काही ना काही असतं. रक्कम बघून नाक मुरडू नका. मोठ्या अर्जात 'यापूर्वी पूर्ण केलेले प्रकल्प' असा रकाना असतो, तो कोरा सोडण्यापेक्षा पन्नास हजारांचा का होईना, एक पूर्ण झालेला प्रकल्प तिथे लिहिलेला बरा.

पैसा कोणाच्या खात्यात, हा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सरकारी संशोधन अनुदान प्राध्यापकाच्या नावावर मंजूर झालं तरी ते संस्थेच्या खात्यात येतं. प्राचार्यांचं हमीपत्र लागतं, कॉलेज यूजीसी कायद्याच्या २ (एफ) आणि १२ (बी) कलमांखाली, म्हणजे मान्यताप्राप्त आणि केंद्राच्या अनुदानाला पात्र कॉलेजांत, आहे का ते विचारतात, पीएफएमएस या केंद्राच्या पैसे वाटपाच्या ऑनलाइन यंत्रणेत नोंदणी लागते. हमीपत्रावर सही घ्यायला प्राचार्यांकडे शेवटच्या दिवशी जाऊ नका, ते नेमके त्या दिवशी विद्यापीठात बैठकीला गेलेले असतात.

कंपनीचा पैसा मात्र वेगळ्या वाटेने येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही रक्कम बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायची तर ती संस्था नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची, म्हणजे नफ्यासाठी नसलेली, कंपनी असावी लागते. तिच्याकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी असावी लागते, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांकही लागतो. म्हणजे अर्ज करणार तुमचं कॉलेज चालवणारी शिक्षण संस्था, किंवा गावात आधीपासून काम करणारी एखादी स्वयंसेवी संस्था. संस्थेचे सचिव कागद द्यायला तयार आहेत का, १२ए-८०जीची मुदत शिल्लक आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांचे बदल अर्ज नोंदवलेत का, हे आधी बघा. शेवटच्या मुद्द्यावर कित्येक चांगली कामं अडतात. विश्वस्त वारून दहा वर्षं झाली तरी कागदावर जिवंत असतात.

कोणती कंपनी? केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर राज्य आणि जिल्हा निवडून खर्च बघता येतो. आपल्या जिल्ह्यात पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर कोण खर्च करतंय ते तिथे दिसतं. मग त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा. सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथे जाहीर करणं नियमाने बंधनकारक आहे. कायदा म्हणतो की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, म्हणून कारखाना किंवा खाण कुठे आहे तेही बघा. मुंबईच्या मुख्यालयाला पत्रांचा भडिमार करण्यापेक्षा जवळच्या प्लांटच्या एचआर माणसाला एकदा गावात घेऊन या. वेळ साधायची तर दिवाळीनंतरची. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा तेव्हा आकार घेत असतो. मार्चमध्ये गेलात तर उरलेल्या पैशातून बाकं आणि संगणक मिळतील, प्रकल्प मिळणार नाही.

कंपनीला शुद्धीकरण यंत्र बसवायचं असतं, कारण त्याच्यासमोर फीत कापता येते. तुम्ही प्रस्तावात दुसऱ्या वर्षाचं लिहा. फ्लोराइड काढायला ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना वापरलं की काही काळाने त्याची ताकद संपते, ते पुन्हा सक्रिय करावं लागतं किंवा बदलावं लागतं. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नलगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावर चालते, स्वस्त आहे, पण रोज कोणीतरी ती करायला हवी आणि तळाचा गाळ टाकायला जागा हवी. हे कोण करणार, पैसे कोण देणार, ग्रामसभेचा ठराव आहे का, बचत गटातल्या कोणी जबाबदारी घेतलीय का? आमच्याकडच्या बऱ्याच गावांना पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथे तर ग्रामसभेला डावलून काही करायला जाऊच नका. ठरावाची प्रत जोडलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला वेगळा दिसतो.

आता ते बजेटचं पान. मॅडमनी आणलेल्या कागदावर लिहिलं होतं: प्रवास, ५०,०००. मी विचारलं, "गावं किती?" "पंधरा." "दिवसाला किती होतील?" "रस्ते बघता दोन." म्हणजे एका फेरीला आठ दिवस. पावसाळ्याआधी एक फेरी, नंतर एक, अशी दोन वर्षं. चार फेऱ्या, बत्तीस दिवस. जीपचं भाडं डिझेलसकट दिवसाला २,५०० धरलं तर ८०,००० होतात. मॅडम तीस हजार पदरचे घालणार होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. आपल्याकडची माणसं जास्त मागायला लाजतात आणि गोल आकडा लिहून मोकळी होतात. गोल आकडा तज्ज्ञांच्या समितीला लगेच खटकतो. हिशेब शेजारी मांडा, ८०,००० ला कोणी हरकत घेत नाही.

नमुन्यांचंही तेच. गावात दोन स्रोत धरले तर तीस स्रोत, चार फेऱ्या, १२० नमुने. दहा टक्के दुबार तपासणीला धरा, म्हणजे १३२. आता रसायनं त्या १३२ ला पुरतील एवढीच हवीत. फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजणार असाल तर नमुन्यात मिसळायचं टायसॅब बफर हे द्रावण किती लागेल ते काढा. शास्त्राच्या भागात १३२ नमुने आणि रसायनांच्या यादीत ५०० नमुन्यांचा माल, असं दिसलं की वाचणारा पुढचं पान उलटत नाही.

मनुष्यबळात जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, धरला तर दरमहा ३७,००० आणि वर घरभाडं, म्हणजे घरभाडं सोडून वर्षाला ४,४४,०००. शिवाय नेट किंवा गेट झालेला मुलगा किनवटला येऊन राहील का, हा प्रश्न उरतोच. योजनेत बसत असेल तर फील्ड असिस्टंट मागा आणि गावातलाच बीएस्सी झालेला मुलगा किंवा मुलगी घ्या. गोंडी, कोलामी बोलणारं माणूस मिळालं तर अर्धं काम झालं.

गाव निवडीचं कारण आकड्यांनी द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत जा, त्यांच्याकडे नोंदी असतात. "या भागात फ्लोराइडची समस्या गंभीर आहे" या वाक्याला किंमत नाही. आणि मुलांचे दात तपासणार असाल, लघवीचे नमुने घेणार असाल, तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. कॉलेजात समिती नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजची मंजुरी मिळते का ते विचारा, आणि अर्जाच्या आधीच विचारा.

मराठी विभागाच्या सरांसाठी एक ओळ. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाविषयक संशोधनाला अनुदान देतं आणि प्रस्ताव भारतीय भाषांत घेतं. मराठीत लिहा, खुशाल.

परदेशी पैशाची स्वप्नं मात्र संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असेल तरच बघा. त्यासाठी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं लागतं, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. "त्यांच्या नावावर घेऊ आणि आपण वापरू" हा उपाय २०२० पासून बंद झालाय. तसंच, टक्केवारीवर अनुदान मिळवून देतो म्हणणारा कोणी ऑफिसात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटण्याआधी अटी वाचा. उपकरणाच्या पैशातून प्रवास करता येत नाही, त्याला आधी लेखी परवानगी लागते. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करायची आहे का ते बघा. केंद्राच्या अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारकडे परत भरावं लागतं. विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे युसी म्हणतात, ते केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यात जातं (आयकराच्या १२ए शी याचा संबंध नाही), आणि ते पोचल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. बिलं महिन्याच्या महिन्याला ऑफिसात आणून द्या. जीपवाल्याची पावती वर्षाच्या शेवटी मिळत नाही, तोपर्यंत त्याने जीप विकलेली असते.