गोवर-रुबेलाची लस : या चुका टाळा

पहिला डोस सहसा चुकत नाही. चुकतो तो दुसरा. बाळाला ९ महिने पूर्ण झाले की इंजेक्शन मिळतं, सोबत ‘अ’ जीवनसत्त्व पाजतात आणि घरात ‘झालं एकदाचं’ होऊन जातं. मग वाढदिवस, आईची नोकरी पुन्हा सुरू, मे महिन्यात गाव. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत घ्यायचा असतो, हे त्या धांदलीत कुणाच्या लक्षात राहणार?

आमचं तसंच झालं. कार्ड कणकवलीला सासूबाईंच्या कपाटात आणि आम्ही कुर्ल्यात. फोटो मागवला तर भाऊजींनी नेमकं मुखपृष्ठ पाठवलं. लसींचा तक्ता आत! तेव्हा सगळ्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा. कार्ड लॅमिनेट मात्र करू नका, सिस्टरला त्यावर पेनाने तारीख लिहायची असते. आणि उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस तेवढा घ्यायचा; पाच वर्षांपर्यंत तो पालिकेच्या केंद्रात मोफत मिळतो.

साध्या सर्दी-खोकल्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.

ताप आला की आजी म्हणतात, ‘लसीनेच गोवर आणला.’ या लसीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात, त्यामुळे ताप किंवा हलकं पुरळ त्याच दिवशी नव्हे, साधारण ७ ते १२ दिवसांनी येतं आणि आपोआप जातं. बाळ मलूल वाटलं किंवा झटका आला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे.

आणखी एक गैरसमज म्हणजे हीच लस गालगुंडालाही चालते. सरकारी लस गोवर आणि रुबेलाचीच. गालगुंडासाठी एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) लागते, ती खासगी दवाखान्यात पैसे देऊन मिळते. जाताना कार्ड दाखवा, म्हणजे कुठला डोस बाकी आहे ते डॉक्टर ठरवतील.

२०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा पालिकेने जादा डोस दिले होते. साथीत ९ महिन्यांच्या आत मिळालेला डोस नेहमीच्या दोनांत धरायचा नाही.

अंगावर पुरळ आणि ताप असलेलं मूल दवाखान्यात न्यायचं असेल, तर आधी फोन करा. गोवराचा विषाणू बंद खोलीत दोन तासांपर्यंत हवेत राहतो आणि बाकड्यावर शेजारीच कुणीतरी पाच महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेलं असतं.