टेस्टच्या नावातच नियम दिसू द्या

रात्रीचा बिल्ड (सॉफ्टवेअर आपोआप तयार करून त्याच्या टेस्ट चालवणं) लाल, म्हणजे फेल, रिपोर्ट उघडला तर 'टेस्ट_०४७_कन्सेशन_फायनल फेल', आणि ती टेस्ट नक्की काय तपासते हे शोधायला सकाळी अर्धा तास कोड चाळत बसायचं, आमच्या टीममध्ये हे कितीतरी महिने चाललं. म्हणून सांगतोय, अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर ठरलेल्या नियमाप्रमाणे वागतं का ते तपासणारी टेस्ट, लिहिताना आधी नियम एका साध्या वाक्यात लिहा, तेच नाव, कोड नंतर.

एसटीचं तिकीट बुकिंग घ्या. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाले की प्रवास मोफत, ही मोफतवाली सवलत ऑगस्ट २०२२ पासूनची. मग नाव असं: '७५ पूर्ण झालेल्या प्रवाशाला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं'. हे कंडक्टरला वाचून दाखवलं तरी चूक-बरोबर तो लगेच सांगेल. आणि असं वाक्य लिहायला बसलं ना की प्रश्न आपोआप पडतात, वय बुकिंगच्या दिवशीचं धरायचं की प्रवासाच्या, वाढदिवस मधेच आला तर काय? उत्तर नसेल तर नाव पुरं होतच नाही, तिथेच थांबा आणि ज्याला माहितीये त्याला विचारून या. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

नावात बटण, ड्रॉपडाऊन नको, स्क्रीन बदलली की नाव खोटं पडतं. 'नीट चालतं', 'बरोबर येतं' पण नको, नीट म्हणजे काय ते लिहा. जिराचा (कामांची नोंद ठेवायचं टूल) नंबर टॅगमध्ये टाका. नावात 'आणि' आला तर बहुतेक दोन टेस्ट आहेत. एक खास आपल्या भाषेची अडचण, मराठीत निकाल वाक्याच्या शेवटी येतो आणि रिपोर्टचा कॉलम नेमका शेवटच कापतो, त्यामुळे नाव आटोपशीर ठेवा.

मराठी नावांना टेस्टचे टूल्स आडवे येत नाहीत. जेयुनिट ५ मध्ये टेस्टला वाचायचं नाव द्यायला डिस्प्लेनेम आहे, प्लेराइटमध्ये नाव म्हणजे साधी स्ट्रिंगच, पायथन ३ मध्ये फंक्शनचं नावसुद्धा देवनागरीत चालतं, फक्त पायटेस्टसाठी (पायथनचं टेस्ट टूल) सुरुवातीचं 'टेस्ट' इंग्रजी अक्षरांत ठेवा. कुकुंबर हे साध्या वाक्यांत टेस्ट लिहायचं टूल, त्याच्या फाईलमध्ये वरच भाषा मराठी सांगितली की 'परिदृश्य', 'जेव्हा', 'मग' हे कीवर्ड थेट वापरता येतात.

जुन्या टेस्ट सगळ्या एकदम बदलायला जाऊ नका, जी लाल होईल तिचं नाव त्याच दिवशी सुधारा, दुरुस्तीच्याच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत).