अर्बियम ट्रायटेल्युराइडमधील प्रभार-घनता तरंग कसा ओळखावा

प्रभार-घनता तरंग म्हणजे स्फटिकातील इलेक्ट्रॉनांची घनता ठरावीक अंतराने कमी-जास्त होणे. तो ओळखण्यासाठी दुर्मिळ मृदा ट्रायटेल्युराइडांपैकी (एका दुर्मिळ मृदा अणूमागे तीन टेल्युरियम अणू असलेल्या संयुगांपैकी) सुरुवातीला अर्बियमचे संयुग घ्यावे. यात सुमारे २६५ केल्विनला पहिला आणि सुमारे १५५ केल्विनला दुसरा प्रभार-घनता तरंग उमटतो, त्यामुळे द्रव नायट्रोजनवर चालणारा साधा क्रायोस्टॅटही (नमुना थंड ठेवणारे उपकरण) दोन्हींसाठी पुरतो. लँथॅनमच्या संयुगात पहिले संक्रमण, म्हणजे पहिला तरंग उमटणे, खोलीच्या तापमानाच्या कितीतरी वर असते, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्फटिक वाढवण्यासाठी अर्बियमच्या अनेक पट टेल्युरियम घेऊन ते निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करावे, साधारण ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे आणि काही दिवस घेऊन सावकाश थंड करावे. टेल्युरियम ४५० अंशांला गोठते; त्यामुळे त्याच्या बऱ्याच वर असतानाच नळी काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, तर उरलेला द्रव निथळतो आणि पातळ, मऊ, अभ्रकासारखे पापुद्रे सुटणारे पत्रे हाती येतात. ते हवेत लवकर निस्तेज होतात, म्हणून मोजमापाच्या अगदी आधी चिकटपट्टीने वरचा पापुद्रा काढावा.

पुढची पायरी अनेकजण टाळतात, आणि माझ्या मते सर्वाधिक घोळ तिथेच होतो. थरांना लंब असलेला बी अक्ष सुमारे २५ अँगस्ट्रॉमचा, म्हणून तो सहज कळतो. पण थरातील ए आणि सी हे दोन्ही अक्ष सुमारे ४.३ अँगस्ट्रॉमचे असून त्यांच्यातला फरक इतका किरकोळ असतो की नुसत्या लांबीवर विसंबता येत नाही. क्ष-किरण विवर्तनात (०६१) हे परावर्तन (कंसातील अंक अनुक्रमे ए, बी, सी अक्षांचे निर्देशांक) दिसते, तर (१६०) सममितीमुळे वर्ज्य असते. पत्रा ९० अंशांनी फिरवून दोन्ही जागा तपासाव्यात. दोन्हीकडे तीव्रता आढळली, तर स्फटिक जुळा (ए आणि सी अक्षांची अदलाबदल झालेले भाग एकत्र वाढलेला) समजून बाजूला ठेवावा.

मग चार जोडण्या करून निरनिराळ्या तापमानांना रोधकता (पदार्थाचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) मोजावी. २६५ केल्विनच्या खाली फर्मी पृष्ठाच्या (वहनात भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या सीमेच्या) काही भागात ऊर्जा-अंतर पडते, म्हणजे तिथले इलेक्ट्रॉन वहनाला उरत नाहीत, आणि आलेखावर उंचवटा येतो, मात्र पदार्थ धातूच राहतो. गंमत अशी की पहिला तरंग सी दिशेने असूनही उंचवटा ए दिशेच्या रोधकतेत अधिक ठळक असतो. तो पाहून अक्षांची अदलाबदल झाली असे मानू नये.

उंचवटा हा केवळ सुगावा आहे, पुरावा क्ष-किरण विवर्तनातील उपग्रह-शिखरांचा, म्हणजे तरंगामुळे मुख्य शिखरांशेजारी उमटणाऱ्या लहान शिखरांचा. मुख्य शिखरापासून सी दिशेने व्यस्त जालक-अंतराच्या (विवर्तन-शिखरांच्या जाळीतील एका घराच्या) सुमारे २/७ इतक्या, पण नेमक्या २/७ नसलेल्या अंतरावर ती शोधावीत. ती फार क्षीण असल्याने मोजणीला भरपूर वेळ द्यावा. दुसऱ्या तरंगाची शिखरे १५५ केल्विनच्या खाली ए दिशेने, जवळपास १/३ अंतरावर येतात. तापमान वाढवताना शिखराची तीव्रता जिथे शून्यावर येते, ते तापमान रोधकतेच्या आलेखाशी जुळले पाहिजे.

शंका उरल्यास होल्मियमचा नमुना मोजावा. त्याचा अणू किंचित मोठा असल्याने पहिले संक्रमण सुमारे २८५ केल्विनपर्यंत चढते आणि दुसरे ११० केल्विनच्या आसपास उतरते. दोन्ही तापमाने एकाच दिशेने सरकलेली दिसली, तर तापमापीची जोडणी पुन्हा तपासावी.