व्हायाच्या कामात नव्याने येणाऱ्या सिस्टर आणि सीएचओंसाठी (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर)

नर्सिंग करून नुकत्याच लागलेल्या मुली विचारतात, ताई, कॅन्सर स्क्रीनिंगची ड्युटी लागलीय, काय वाचून जाऊ? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, आधी वॉर्डात होते, गेली सहा वर्षं मराठवाड्यातल्या गावांत कॅम्प करतेय. काम म्हणजे गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी, म्हणजे तिथे ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं, आमच्यात सगळे व्हायाच म्हणतात. 'गर्भाशयमुख' हा शब्द मात्र पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा, समोरच्या बाईसाठी ती पिशवी असते आणि आपण बघतो ते पिशवीचं तोंड.

पिशवीच्या तोंडाचा हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, त्या शोधाला २००८ चं नोबेल मिळालंय. व्हायरसचे प्रकार खूप, पण या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसमागे १६ आणि १८ नंबरचे दोनच. बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो, ज्यांच्यात ठाण मांडून बसतो त्यांच्यातसुद्धा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जातात. आपलं सगळं काम या मधल्या वर्षांत. त्या काळात बाईला काहीही दुखत नाही, म्हणून 'मला कुठं काय होतंय' हे वाक्य तुम्ही रोज वीस वेळा ऐकणार. मी आधी लांबलचक समजावत बसायचे, मग एका कॅम्पात एक मावशीच शेजारणीला म्हणाल्या, अगं कापसाला अळी बोंडात शिरल्यावर फवारून काय करतीस, पानावर असतानाच बघायचं असतं. तेव्हापासून मी हेच सांगते, आणि कापसाच्या गावात तर लगेच पटतं.

आता तपासणी. वय ३० ते ६५, पाळी चालू असताना किंवा पोटुशी असताना करायची नाही. ५ टक्के ॲसिटिक ॲसिड म्हणजे ५ मिली ग्लेशिअल (पाणी न घातलेलं कडक ॲसिड) आणि ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर, रोज ताजं बनवायचं आणि बाटलीवर तारीख घालायची. हे दुसऱ्याने बनवलेलं असलं तरी मी स्वतः विचारून घेते, कारण कडक राहिलं तर आतून भाजतं. बाईला आधीच सांगा की थोडं चुरचुरेल. मग कापसाचा बोळा भिजवून पिशवीच्या तोंडावर लावायचा आणि घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं. बाहेर साठ बायका बसलेल्या असतात, त्या गडबडीत नवीन मुली वीस सेकंदांत 'निगेटिव्ह' लिहून मोकळ्या होतात, आणि नेमका डाग तीस-चाळीस सेकंदांनंतर वर येतो. खरा डाग चुन्याचा ठिपका ओल्या भिंतीवर उठून दिसावा तसा दिसतो, घट्ट पांढरा, कडा स्पष्ट, आणि लाल-गुलाबी भाग जिथे मिळतात त्या रेषेला चिकटलेला. दुधावरच्या पातळ सायीसारखं फिकट काहीतरी लांब कुठेतरी दिसलं तर तो डाग नव्हे. पाळी गेलेल्या बायकांत ही रेषा आत सरकते, दिसतच नाही, तिथे 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, पॅप (तिथल्या पेशी घेऊन लॅबमध्ये बघतात ती) किंवा एचपीव्ही टेस्टला पाठवायचं. आणि पहिल्या शंभरेक तपासण्या कुणा जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच करा, फोटो बघून ही नजर येत नाही.

माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी एका बाईला बाकावर चारजणींसमोरच बोलले, तुमचं पॉझिटिव्ह आलंय. गावात पॉझिटिव्ह म्हणजे एकच अर्थ, एचआयव्ही. ती उठून गेली, ट्रीटमेंटच्या तारखेला आली नाही, आशाताईला घेऊन मी दोनदा घरी गेले तर दार लावून घेतलं. चार महिन्यांनी आशाताईच्या सासूबाईंनी समजूत घातली तेव्हा आली. डाग लहानच होता, बरा झाला, पण त्या चार महिन्यांत घरात तिला जे ऐकावं लागलं ते माझ्या एका शब्दामुळे. आता मी बाईने कपडे नीट करून स्टुलावर बसेपर्यंत काहीच बोलत नाही, मग पडद्याआड सांगते की पिशवीच्या तोंडावर एक पांढरा डाग दिसतोय, लगेच कॅन्सर समजू नका, पण ठेवायचाही नाही.

जिथे मशीन आणि ट्रेनिंग घेतलेले डॉक्टर असतील तिथे लहान डाग त्याच दिवशी थर्मलने, म्हणजे तापवलेल्या प्रोबचं टोक टेकवून, जाळता येतो, प्रोब साधारण १०० डिग्रीला, अर्धा-एक मिनिट, पाळीसारखी कळ येते तेवढंच. डाग मोठा असेल, आत शिरलेला असेल किंवा जरा जरी संशय आला तर हात लावायचा नाही, कॉल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून नीट बघायला, पाठवायचं. जाळल्यावर महिनाभर पाण्यासारखं जातं आणि तेवढे दिवस संबंध ठेवायचे नसतात. हे बाईने घरी जाऊन सांगणं अवघड असतं, म्हणून ती हो म्हणाली तर नवऱ्याला बोलावून मीच सांगते.

याने खरंच जीव वाचतात का, असं विचारतात. टाटा मेमोरिअलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाच्या आसपास बायकांवर अभ्यास केला, तपासणारी माणसं म्हणजे साध्या शिक्षणाच्या, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ मध्ये जाहीर झालं. आपल्याच उस्मानाबाद म्हणजे धाराशिवच्या गावांतल्या अभ्यासात मात्र एचपीव्ही टेस्टच्या एका फेरीने मृत्यू जवळपास निम्मे झाले आणि व्हायाच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही, ते २००९ मध्ये छापून आलं. दोन्ही लक्षात ठेवा. एचपीव्ही टेस्ट जास्त चांगली आहे, पण ती अजून सगळीकडे नाही, आणि व्हाया करणाऱ्याचा हात आणि नजर जेवढी तयार तेवढीच ती कामाची.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीय. कॅन्सरची भीती घालून बाईला कधीच तपासणीला आणू नका. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं ते आठवा. अंगावरून पांढरं जातंय म्हणून धास्तावलेली बाई कुणीही 'काढून टाका' म्हटलं की तयार होते. पांढरं जाणं बहुतेक वेळा साधं इन्फेक्शन असतं, गोळ्यांनी बरं होतं, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. रक्त मात्र वेगळं. संबंधानंतर जात असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं तर कॅम्पमध्ये वेळ घालवू नका, त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवा.

बाकावर थांबलेल्या आयांना मुलींच्या एचपीव्हीच्या लसीबद्दलही सांगते, पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक आता आहे, ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीनंतर तपासणी लागतेच, हे विसरू नका.

राहिलं रजिस्टर. बाई बहुतेक वेळा नवऱ्याचा नंबर देते, म्हणून माहेरचा किंवा बहिणीचा दुसरा नंबर मागून घ्या. फोन दुपारी दोननंतर करा, तेव्हा ती जरा मोकळी असते. आणि ऊसतोडीला जाणारं घर आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा. गणपतीत डाग सापडला आणि आपण तारीख लांबवली तर दिवाळीच्या सुमाराला ती कारखान्याच्या फडावर निघून जाते आणि परत येते थेट उन्हाळ्यात. अशा नावांसमोर मी लाल पेनने 'दिवाळीच्या आत' लिहून ठेवते आणि आठवड्याला ते पान एकदा उघडतेच.